कपाटबाई आणि आमचे चार देव

ज्या माणसानं मला उभं केलं त्याचं नाव आधी लिहिते, काय झालं ते नंतर. नाव कपाटबाई. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं लिहिलेलं त्यांना आवडणार नाही, आणि माणसाचं नाव कुठं लिहावं नि कुठं लिहू नये हे मी त्यांच्याकडूनच शिकले. वडशाच्या ज्या आरोग्य संशोधन केंद्रात मी चार वर्षं काम केलं, तिथं सगळे त्यांना तोंडावर बाई म्हणायचे आणि पाठीमागं कपाटबाई. बाईंना ते ठाऊक होतं. "म्हनू दे ना बाप्पा," त्या म्हणायच्या, "कपाट काई वाईट वस्तू नाई."

बाईंकडं कोणी माहिती मागायला आलं की त्या आधी त्याला वाचायला लावायच्या. खोलीत एक स्टूल होतं. त्यावर बसवायचं, गावातल्या कुणाचा तरी अंगठा असलेला संमतीचा फॉर्म, नावावर कागद चिकटवलेला, हातात द्यायचा आणि सांगायचं, "मोठ्यानं वाचा." पुण्याहून आलेले डॉक्टर असोत, नागपूरची पीएच.डी. करणारी मुलगी असो, ज्याला त्याला ते वाक्य वाचावं लागायचं : तुमची माहिती तुमच्या परवानगीशिवाय कोणालाही दिली जाणार नाही. एक गृहस्थ चिडले. म्हणाले, "मी काय शाळेत आलोय का?" बाई शांतपणे म्हणाल्या, "नाई साहेब. शाळेत चुकलं तं छडी बसते. इथी चुकलं तं दुसऱ्याले बसते." गृहस्थांनी वाचलं.

केंद्राचं काम सिकलसेलवर चालायचं. आमच्या भागातल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. हा रक्ताचा आजार आईबापाकडून येतो. एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक असतो, आयुष्यभर नांगर धरतो, मोहफुलं वेचतो, बहुधा त्याला काही होत नाही. दोघांकडून आला तर मूल आजारी निघतं. म्हणून लग्नाच्या वेळी ही गोष्ट सोन्यानाण्यापेक्षा मोठी होते, आणि म्हणून ती झाकून ठेवावी लागते. बाई त्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. कोणाला कोणता नंबर दिला ते रजिस्टर लोखंडी कपाटात, आणि त्या नंबरापुढचा रिपोर्ट संगणकात. "नाव एका घरी, रोग दुसऱ्या घरी," त्या म्हणायच्या. "ह्या दोघाईचं लगन मी जिती असेपर्यंत लागनार नाई."

मी तिथं कशी पोचले ते सांगायचं राहिलं. आठवीनंतर मी आश्रमशाळा सोडली. आईचे पाय सुजायचे, घरी कोणीतरी हवं होतं. आईला घेऊन एकदा केंद्रातल्या दवाखान्यात गेले तर रांगेत एक माडिया गोंड म्हातारी डॉक्टरांना काहीतरी सांगत होती आणि डॉक्टर नुसते मान हलवत होते. मी मधे तोंड घातलं. म्हातारी गोंडीत बोलली ते मराठीत सांगितलं, डॉक्टर मराठीत बोलले ते गोंडीत सांगितलं. बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हातारी गेल्यावर म्हणाल्या, "काऊन वं पोरी, बोलता येते तसं लिहिता येते का?" मी म्हटलं, येतं, पण अक्षर वाईट आहे. "अक्षराचं माह्यावर सोड," त्या म्हणाल्या, "समज तुह्याजवळ आहे."

त्या एका बोलण्यावर मी दुभाषी झाले. अर्ज त्यांनी माझ्याकडून सात वेळा लिहून घेतला. संगणकाच्या कळा दाखवल्या. त्या स्वतः चाळिशीत शिकल्या होत्या, त्यामुळं माझ्या चुका त्यांना घरच्यासारख्या वाटायच्या. त्या ढिवरांच्या घरातल्या, नागभीडजवळच्या. भाऊ अजून तलावात जाळं टाकतो. रोज सकाळच्या गाडीनं वडशाला यायच्या, डब्यात सुकट असायची, आणि साहेब लोकांना वास येतो म्हणून खिडकीशी बसून जेवायच्या. मी आठवी नापाससारखी दबून असायची. एकदा म्हणाल्या, "तू त्याहिच्या समोर मान खाली घालून काऊन उभी राहते? तुह्याशिवाय त्याहिले एक अक्षर समजत नाई. मान खाली त्याहिनं घालावी." मान वर करायला मला पुढं दोन वर्षं लागली.

मग मी टोल्याटोल्यात, म्हणजे रानातल्या वस्त्यांवर, फिरू लागले. फॉर्म वाचायचा, गोंडीत सांगायचा, अंगठा घ्यायचा, रक्ताचा थेंब घ्यायचा. फॉर्मातलं ते वाक्य मी माझ्या पद्धतीनं सांगायची. म्हणायची, हे आपलं बाईच्या कपाटात राहील, ती मेली तरी चावी देणार नाही. लोक हसायचे आणि अंगठा द्यायचे. माझ्या आईनं दिला, मामांनी दिला, माझ्या धाकट्या बहिणीनं, मैनीनं तर सही केली. मैनीचा रिपोर्ट वाहक आला. हे मी तिला फोनवर विचारूनच लिहिते आहे. ती म्हणाली, "आता काय राहिलं झाकायचं. लिही."

आता देवाचं सांगते. आम्हां गोंडांत घराण्याचे देव मोजलेले असतात. कोणी चार देवांचं, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. सारख्या देवांचे म्हणजे भाऊ-भाऊ, त्यांच्यात लग्न होत नाही. केंद्राच्या फॉर्मात तालुका होता, वय होतं, देव नव्हते. मी एकदा बैठकीत धीर करून म्हटलं की साहेब, लग्नं कोणाची कोणाशी होतात हे पाहायचं तर देव लिहिले पाहिजेत. मोठे डॉक्टर साहेब खुर्चीतून पुढं झाले. "ही आहे खरी माहिती," म्हणाले. त्या दिवशी मला दोनदा चहा मिळाला. पुढच्या फेरीपासून देवांचा एक रकाना वाढला, आधीच्या घरांचे देवही मीच भरून दिले, आणि तो रकाना माझा आहे असं मला वाटू लागलं.

आमच्या टोल्यात घरं अकरा. दहा घरं सात देवांची. एक चार देवांचं, ते आमचं, कारण माझे बाबा नदीपलीकडून घरजावई म्हणून आलेले. मला हे ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? आपलं नाक जसं ठाऊक असतं तसं ठाऊक होतं. म्हणूनच कधी दिसलं नाही.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी साहेबांचा लेख परदेशातल्या एका नियतकालिकानं घेतला. त्यांची अट होती की ज्या माहितीवर लेख उभा आहे ती इंटरनेटवरच्या एका भांडारात जमा करायची. मला वाटलं भांडार म्हणजे गोदाम. बाईंनी समजावलं. जगभरचे संशोधक आपापली माहिती तिथं ठेवतात. ठेवताना दोन दारं असतात. एक सताड उघडं, कोणीही यावं नि उतरवून घ्यावं. दुसरं अर्जाचं, ज्यात मागणाऱ्यानं आपण कोण, कशासाठी हवं, ते लिहून द्यायचं, कोणाला ओळखून काढणार नाही अशी सही करायची, आणि मग केंद्रानं ठरवायचं. बाई दुसऱ्या दारासाठी आठवडाभर भांडल्या. साहेब म्हणाले, "बाई, नावं नाहीत त्यात. गावंही काढलीत. आता काय लपवायचं?"

शेवटी बाईंनी मला बोलावलं आणि संगणकावर ती यादी दाखवली. आठवडी बाजाराचं गाव, टोल्यातली घरं किती, देव, वय, बाई की माणूस, लग्न झालं की नाही, रिपोर्ट. म्हणाल्या, "तू तिथली आहे. पाह्य बरं. ह्याच्यातून कोनी वळखू येते का?" मग देवांच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे चार, सात, हे काय भानगड आहे? हे ठेवावं का काढावं?"

मी यादी पाहिली. इतक्या शिकलेल्या लोकांत मला विचारलं म्हणून छाती भरून आली होती. मी म्हटलं, "राहू द्या बाई. देव तर सगळ्यांचेच असतात."

बाईंनी सताड उघडं दार निवडलं आणि बटण दाबलं.

चार महिने काही झालं नाही. मैनीची बोलणी ठरली, नदीपलीकडच्या एका गावात. मुलगा सहा देवांचा, ट्रॅक्टर चालवणारा, कमी बोलणारा. दोन्ही घरं एकत्र बसली, मोहाची दारू झाली, मैनी चक्क लाजली. मुलाचा एक चुलतभाऊ चंद्रपूरला कॉलेजात होता. त्याला कोणा प्राध्यापकानं तो लेख दाखवला. आपल्या भागाचं नाव इंग्रजीत पाहून पोरगं खूष झालं असणार, मी त्याला दोष देत नाही. त्यानं मोबाईलवर ती यादी उघडली. आमच्या बाजाराचं गाव. अकरा घरांचा टोला. चार देव. मुलगी, एकोणीस वर्षं, लग्न नाही. पुढं लिहिलं होतं, वाहक.

मुलाकडून एक माणूस निरोप घेऊन आला : यादीत मुलीचं वाचलं, आता सोयरीक नको. अंगणात उभा राहिला. आईनं पाणी दिलं, त्यानं घेतलं नाही. तो गेल्यावर आई माझ्याकडं पाहून एवढंच म्हणाली, "तू लिहिलंस." बाबा बैल बांधायला गेले. बैल बांधलेलेच होते.

मी पहिल्या बसनं वडशाला गेले. बाईंच्या खोलीत जाऊन ओरडले. असं कधी कोणावर ओरडले नव्हते. "तुम्ही म्हणाला होता कपाटात राहील. मी लोकांना सांगितलं, बाई मेली तरी चावी देणार नाही." बाई ऐकत राहिल्या. साहेबांकडं बोट दाखवता आलं असतं. ते शेजारच्याच खोलीत होते. बाई म्हणाल्या, "मीनंच दाबलं, पोरी. माह्याच हातानं." मी विचारलं, अर्जाचं दार होतं ना? मग? बाईंनी चष्मा काढला. "साहेब म्हनाले, तुमच्या संशयापायी औषध अडून राह्यलं. वीस वर्सं मले कोनी असं म्हनलं नोहतं. तेवढ्या एका बोलन्यानं मी ढिली पडली."

हे मी अजून गिळू शकलेले नाही. जी बाई डॉक्टरांना स्टुलावर बसवायची ती एका बोलण्यानं ढिली पडली. मी आठवी शिकलेली, माझ्या शब्दावर तिनं आमचं घर उघडं केलं. जाणती ती होती, मी नव्हते. असं मी स्वतःला कितीदा समजावते, आणि ते खरंही आहे. पण पूर्ण खरं नाही.

बाईंनी त्या आठवड्यात भांडारवाल्यांना लिहून, साहेबांशी तंटा करून ती यादी अर्जाच्या दारामागं नेऊन ठेवली. तोवर किती जणांनी उतरवून घेतली ते कोणाला कळणार? मग त्या आमच्या टोल्यात आल्या. साहेब आले नाहीत. तालुक्याहून पुढं बस नव्हती, बाई शेवटचे दोन कोस चालत आल्या, पन्नाशी उलटलेल्या. मोहाच्या झाडाखाली सगळी अकरा घरं बसली. भूमिया, म्हणजे आमच्या गावचा जाणता म्हातारा, मधोमध. बाईंना खाट दिली तर त्या खाली जमिनीवर बसल्या. बोलायला मीच दुभाषी. दुसरं कोण होतं?

भूमियानं विचारलं, "कपाट कोणी उघडलं?" मी मराठीत सांगितलं.

"मीनं," बाई म्हणाल्या. मी गोंडीत सांगितलं.

"तुला आमचे देव कसे समजले? तू तर आमची नाहीस."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही. म्हाताऱ्याकडंच पाहून म्हणाल्या, "मी ढिवराची आहे, दादा. जाळ्याचा डोळा केवढा आन् त्यातून कोन्ती मासोळी निसटते हे मले समजते. तुमचे देव मले समजले नाई. विचारावं लागते, ते मीनं विचारलं नाई. मले कोनी काई सांगतलं नाई. चूक माह्या एकटीची आहे."

विचारलं होतं. मला विचारलं होतं, बोट ठेवून. आणि मी सांगितलं होतं.

ते वाक्य मी गोंडीत केलं. शब्द न् शब्द, चांगल्या दुभाष्यानं करावं तसं. आवाज हलला नाही. गावानं माझ्या तोंडून ऐकलं की चूक बाईंची एकटीची. मामा पचकन थुंकले, माझ्यावर नाही, बाईंच्या दिशेनं. बाईंनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "आनखी कोनाले काई बोलाचं असन तं बोला. मी बसून आहो." दोन तास बसल्या. जे जे लोक बोलले ते सगळं मी त्यांना मराठीत सांगितलं. काही गाळायची हिंमत झाली नाही.

एवढं झाल्यावर मी त्यांच्यापाशी काही मागायला जायला नको होतं. पण मैनी जेवत नव्हती. मुलाच्या गावात आम्ही दुसऱ्या फेरीत तपासणी केली होती, मुलाचं रक्त मीच घेतलं होतं. त्याचा रिपोर्ट बाईंकडं होता. तो साफ असला तर लग्नाला कसलीच भीती नव्हती, पोरं आजारी निघणार नव्हती. एक शब्द हवा होता. मी बाईंना म्हटलं, "त्याचा काय आहे तेवढं सांगा. मी कोणाला सांगणार नाही, नुसतं आईला धीर देईन."

"नाई," बाई म्हणाल्या.

"माझ्या बहिणीचं साऱ्या दुनियेला दिसलं, बाई!"

"दिसलं. माह्या हातानं दिसलं. म्हनून तं त्या पोराचं दाखवनार नाई."

"एक शब्द."

"त्याले इथी घेऊन ये. तो म्हनन, मले सांगा, तं त्याले सांगन. तुले नाई." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "मले शिव्या दे, पोरी. बसून ऐकतो मी. पन हे मागू नको."

मुलगा आला नाही. बापानं येऊ दिलं नाही म्हणे. पुढं त्याचं दुसरीकडं जमलं. बाईंनी आमचं सगळं उघडं केलं आणि मला एक शब्द दिला नाही, ह्या गोष्टीचा मला इतका राग होता की मी निरोपही न घेता काम सोडलं. शेवटच्या दिवशी बाई खिडकीशी जेवत होत्या. "जेवली का वं?" म्हणाल्या. मी हो म्हटलं. जेवले नव्हते.

टोल्यात राहवेना. मी दिसले की बाया पोरांना आत ओढायच्या. तालुक्यातल्या पाच मुलींबरोबर मी तिरुप्पूरला आले. बनियन शिवायची कंपनी, बारा जणींची खोली, सांबार-भात. इथली बोली मला अजून येत नाही. दुभाषी होते ती इथं मुकी झाले. मशीनवर बसले की कधी कधी वाटतं, मागून कोणी येऊन म्हणेल, तुझ्याबद्दल कळलंय, सामान बांध.

गेल्या महिन्यात खरंच तसं व्हायची वेळ आली होती. आम्हाला इथं आणणाऱ्या ठेकेदाराला कुठून तरी कळलं की आमच्या भागातल्या पोरींना रक्ताचा आजार असतो, मग त्या रजा फार घेतात. त्यानं आम्हा सहा जणींची नावं घेऊन थेट केंद्रात फोन लावला. नंतर खोलीच्या दारात येऊन माझ्यावरच भडकला. "तेरे उधर की वो मैडम बहुत टेढ़ी है. मैंने बोला कंपनी से बोल रहा हूँ, मालिक से बात कराता हूँ. बोलती है, लड़की बैठी है ना तुम्हारे पास? उससे पूछो. बताएगी तो बताएगी. रख दिया फोन."

मुली हसल्या. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. बाईंनी माझ्याबद्दल तेच केलं होतं जे त्या मुलाबद्दल केलं होतं. माझ्याशी वैर असतं तरी तेच केलं असतं, माझ्यावर जीव असता तरी तेच. माझा रिपोर्ट काय आहे ते मी इथं लिहिणार नाही. तो अजून माझाच आहे. त्यांच्यामुळं आहे.

बाईंना मी माफ केलं असं मात्र कोणी समजू नये. मैनी अजून घरीच आहे. स्थळ आलं की आई आधी विचारते, तुम्ही मोबाईल बघता का? बाईंनी जे दार उघडलं ते उघडायला नको होतं, आणि माझ्या शब्दावर तर मुळीच नको होतं. हे मी त्यांच्या तोंडावर पुन्हा म्हणेन. पण मोहाखाली त्या खोटं बोलल्या ते माझ्यासाठी बोलल्या, आणि ते खोटं मी माझ्याच तोंडानं माझ्याच माणसांना सांगितलं. आमच्या टोल्यात आजही बाईंचं नाव घेतलं की मामा थुंकतात. ती थुंकी माझ्या वाटची आहे. आणि बाईंनी तिथून निघताना मला फक्त एवढं विचारलं होतं, "परतीची बस कुठी भेटन?"

बाई पुढच्या वर्षी निवृत्त होणार असं इथल्या एका मुलीला कोणी फोनवर सांगितलं. निवृत्त झाल्या तर नागभीडला जाईन, त्यांच्या भावाच्या घरी. सकाळच्या गाडीनं त्यांना घेऊन आमच्या टोल्यात येईन. त्या येणार नाही म्हणतील, तरी आणीन. अकरा घरं बसवीन. भूमिया जिवंत असला तर त्याच्यासमोर, नाहीतर जो कोणी मधोमध बसेल त्याच्यासमोर. देवांचा रकाना मी सुचवला, तो ठेवा असं मी सांगितलं, बाईंनी मला विचारलं होतं, हे आधी गोंडीत सांगेन. मग तेच मराठीत, बाईंकडं तोंड करून, म्हणजे मी काय बोलले ते त्यांना दुसऱ्या कोणाकडून समजून घ्यावं लागणार नाही. लोक काय करायचं ते करोत. हे मी करीन. आज धीर नाही, पण करीन.